ऑगस्टातली नऊ फुलपाखरं

द्वारकाताई, तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले आणि आपल्यातलं एक भांडण राहून गेलंय. भांडण म्हणावं तर तुम्ही भांडलाच नाहीत. मी म्हणालो ते निमूट ऐकून घेतलंत आणि पाच वाजताच्या एस.टी.नं पाथर्डीला परत गेलात. तुमचं बरोबर होतं आणि मी खोटं बोलत होतो, हे मला त्याच वेळी ठाऊक होतं. कबूल करायला पुढे सहा महिने मिळाले. ते मी नुसते घालवले.

लोकांनी तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. किती बाळंतपणं केलीत, किती गावं पायी तुडवलीत, सगळं. फुलपाखरांबद्दल कुणी बोललं नाही. घाटापलीकडच्या एका उपकेंद्राची नर्सबाई सुट्टीच्या दिवशी जाळं घेऊन ओढ्याकाठानं हिंडते, हे गावाला तुमचं एक खूळ वाटायचं, आणि माणूस गेल्यावर त्याची खुळं सांगू नयेत अशी आपल्याकडे रीत आहे. मला मात्र तुमची तेवढीच बाजू नीट माहीत. मी नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे बेडूक फाडून दाखवणारा. तुम्ही आला नसतात तर मी आजही तेवढंच करत बसलो असतो.

पहिल्यांदा आलात ते गॉझमध्ये गुंडाळलेला एक दांडगा पतंग घेऊन. त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण होती. कुठल्याशा वस्तीवर बाळंतपण चालू असताना तो कंदिलावर आला, तुम्ही मुठीत धरला तर चक्क ओरडला, आणि बाळंतिणीजवळच्या बाया अवदसा आली म्हणून उठून पळाल्या. मी त्याचं लॅटिन नाव सांगायला लागलो तशी तुम्ही हात वर केलात.

"नाव ऱ्हाऊ द्या, सर. अपशकुनाचंबी मी बघून घेईन. तुमी मला येवढंच सांगा, ह्यो वरडतो कुठनं?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवस पुस्तकं चाळून तुम्हाला कार्ड टाकलं, की तो सोंडेतून हवा आत-बाहेर करतो, त्याचा आवाज होतो. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "म्हंजे आपल्या बाळासारखंच की. हवा आत गेल्याबिगर रडं न्हाई." एम.एस्सी.ला मला कुणी इतकं सोपं करून शिकवलं नव्हतं.

मग सुरूच झालं. छत्रीच्या दांड्याला मच्छरदाणीचं कापड शिवून तुम्ही जाळं केलंत. फुलपाखरू ठेवायला कागदाची त्रिकोणी पुडी लागते, तर कुटुंबनियोजनाच्या पत्रकांचे गठ्ठे तुमच्याकडे पडून होते, कारण ती कुणी हातात धरत नव्हतं. त्यांच्याच पुड्या केल्यात. "लाल त्रिकोणाचा त्रिकोणच केला, सरकारचं काय बिघडलं?" असं वर मलाच विचारलंत. प्रत्येक पुडीवर तुमच्या ठसठशीत अक्षरात पेन्सिलीनं गाव, तारीख आणि वेळ असायची. वेळेची गरज नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "बाळ कधी झालं ती वेळ मी घड्याळात बघून लिवते. जल्माची लिवायची आन् मरनाची न्हाई, आसं कसं?"

महिन्याकाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा कंडक्टरच्या हाती यायचा. त्यात तीस-चाळीस पुड्या. मी ती वाळलेली फुलपाखरं ओल्या वाळूच्या भांड्यात ठेवून मऊ करायचो, पंख पसरून फळीवर लावायचो, मग टाचणी. आणि टाचणीत त्याच्या खाली नखाएवढी चिठ्ठी, तिच्यावर पुडीवरचं जसंच्या तसं उतरवायचं: गाव, तारीख, धरणाऱ्याचं नाव. या शास्त्रात ती चिठ्ठीच सगळं असते. तिच्यावाचून ते भिंतीला टांगायचं फुलपाखरू, दुसरं काही नाही. हे मीच तुम्हाला शिकवलं. मोठ्या तोऱ्यात शिकवलं. "कागदावर आहे ते उतरवायचं, ताई, आपली अक्कल लावायची नाही," हे माझे शब्द.

एका रविवारी ओढ्यावर तुमच्यामागून उतरताना मी फड्या निवडुंगात बसलो होतो, आठवतं? बसलो म्हणजे पडलो. तुम्ही उपकेंद्रातला चिमटा उकळून आणलात, तुमच्या हाताखालच्या सखूबाईंना पाठमोरं उभं केलंत आणि एकेक काटा काढत विचारलंत, "सर, रजिस्टरात नोंद करू का? पुरुष, वय एकतीस, सुखरूप सुटका." सखूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला राग आला होता. आज तो चिमटा, ते पाणी उकळताना वाजणारं भांडं, सगळं स्पष्ट दिसतं. इतक्या मायेनं माझी चेष्टा त्यानंतर कुणी केली नाही.

भांडायचो ते एकाच गोष्टीवरून. एका जातीची दोन पुरेत, तुम्हाला तीस कशाला लागतात, असं तुमचं म्हणणं. छातीला चिमटा घेऊन फुलपाखरू मारताना तुम्ही तोंड फिरवायचात. मी म्हणायचो, एकाच जातीत किती वेगळेपण असतं ते बघायला तीस हवीत. तुम्हाला पटलं नाही, तरी तीस पाठवत राहिलात.

वेगळेपणाचा विषय निघाला की ते तपकिरी फुलपाखरू यायचंच. दिवसा पाचोळ्यात पडून राहणारं आणि दिवेलागणीला उडणारं. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखी वलयं असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याला ती जवळजवळ नसतातच. ते हुबेहूब वाळलेलं पान. जात एकच, रूपं दोन. आमच्या पुस्तकात महिने दिले होते: अमुक ते अमुक डोळ्यांचं, बाकी बिनडोळ्यांचं. तुम्ही ते ऐकून म्हणालात, "त्याला काय कॅलेंडर वाचाया येतं? ते गवत बघत आसंल." मी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तुम्ही नर्स होतात आणि मी सर होतो.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. जून गेला, जुलै गेला. नागपंचमीच्या पुढच्या आठवड्यात तुमचा डबा आला. त्यात तपकिरी अकरा होती. दोन डोळ्यांची आणि नऊ बिनडोळ्यांची. पुड्यांवर ऑगस्ट.

मी काय केलं ते आता सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बाईंचा घोळ झाला. उन्हाळ्याआधीची जुनी फुलपाखरं बिनतारखेची राहिली असतील, डबा भरताना त्यांच्यावरही ऑगस्ट पडला असेल. एक कार्ड टाकून विचारता आलं असतं. दहा पैशांचं काम. पण तेव्हा आपली जिल्ह्यातल्या फुलपाखरांची यादी मी मुंबईच्या एका जाणत्या अभ्यासकांकडे पाठवणार होतो. टाचलेल्या फुलपाखरांच्या पेट्याही त्यांना दाखवायच्या होत्या. ऑगस्टात बिनडोळ्यांची नऊ बघून ते विचारणार, ही धरणारी कोण? नर्स? आणि मग सगळ्याच चिठ्ठ्यांवर संशय घेणार. तुमची लाज राखावी, असं मी स्वतःला सांगितलं. राखायची होती ती माझी. मी नऊ चिठ्ठ्यांवर फेब्रुवारी लिहिला. काळ्या शाईत, सुरेख अक्षरात. आणि पुड्या नेहमीसारख्या केराच्या टोपलीत टाकल्या.

वेगळेपण बघायला तीस हवीत म्हणणारा मी, वेगळं समोर आल्यावर त्याची तारीख बदलून मोकळा झालो.

दिवाळीनंतर तुम्ही जिल्हा परिषदेच्या बैठकीला नगरला आलात आणि दुपारी कॉलेजात डोकावलात. पेट्या मुंबईहून परत आल्या होत्या. मांडणी नीटस आहे असं त्यांनी कळवलं होतं, यादी छापायला गेली होती. मी खुशीत होतो. चहा मागवला. तुम्ही चष्मा चढवून पेटीवर वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात.

"सर, ही नऊ फेब्रुवारीची कशी?"

"का?"

"फेब्रुवारीत मी हितं न्हवतेच. पुण्याला भनीकडं हुते. पिशवी काढली न्हवं का माझी. कुनाला बोलले न्हाई. आख्खा म्हैना खाटंवर हुते."

द्वारकाताई, त्या क्षणी मला सगळं कळलं. जानेवारीचा डबा वेगळा आला होता, त्यातलं एकूण एक फुलपाखरू टाचणीवर होतं. फेब्रुवारीत तुम्ही खाटेवर. म्हणजे ती नऊ ऑगस्टातलीच. ओढ्याला पाणी नाही, गवताचं पातं नाही, अशा ऑगस्टात ती बिनडोळ्यांची जन्मली होती. तुम्ही म्हणाला होतात तसं. जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं ते तुम्ही पेन्सिलीनं लिहून धाडलं होतं आणि मी ते खोडलं होतं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पुडीवर फेब्रुवारीच होतं, ताई."

"पुड्या हायेत?"

"टाकल्या."

तुम्ही पेटीकडे बघितलंत, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "मला तर ऑगस्टात धरल्यासारखी याद हाय."

"ऑगस्टात डोळे असतात," मी म्हणालो. पुस्तकाच्या आधारानं, अगदी शांतपणे म्हणालो.

"व्हय. आसंल मंग." मग तुम्ही म्हणालात, "भूल दिल्यापास्नं डोकं जरा जडच ऱ्हातं." चहा अर्धा ठेवलात आणि उठलात. मी तुम्हाला फाटकापर्यंत पोचवायलाही आलो नाही.

त्यानंतर दोन महिने डबा आला नाही. मग आला, त्यात सात-आठच पुड्या होत्या. प्रत्येकीवर तारीख आकड्यांत, खाली तीच अक्षरांत, आणि त्याखाली साक्षीदार. कुठं ग्रामसेवकाची सही, कुठं एखाद्या मुकादमाची. बहुतेक पुड्यांवर सखूबाईंचा जांभळा अंगठा. फुलपाखराच्या पुडीवर साक्षीदाराचा अंगठा! असं जगात कुठल्या संग्राहकानं केलं नसेल. मी ती पुडी स्टाफरूममध्ये नेली आणि चारचौघांना दाखवली. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, पण हसलो होतो हे खरं.

एका चिठ्ठीत तुम्ही विचारलंत, "आता तरी चूक सापडत नाही ना?" मी उत्तर लिहिलं: सर्व ठीक.

उन्हाळ्यात तुमची नेमणूक दुष्काळी कामावर झाली. खडी फोडायला हजारभर माणसं, पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. हगवण-उलट्यांची साथ आली तेव्हा तुम्ही तिथंच छपरात राहिलात, हे मला कंडक्टरकडून कळत होतं. एके दिवशी डबा न देता तो गाडीतून खाली उतरला आणि म्हणाला, "बाई गेल्या, सर. दोन दिसात खेळ आटपला." मी त्याला उलट विचारलं, डबा दिला होता का काही? माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघतं बघा.

दहाव्याला आलो. तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवला, कावळा लवकर शिवला, लोक म्हणाले बाईंची काही इच्छा राहिली नाही. मी खाली बघत उभा होतो. परत निघताना सखूबाई माझ्यासोबत फाट्यापर्यंत चालत आल्या. त्या आपणहून बोलू लागल्या.

"बाईंचं ध्यान हरपलं हुतं, सर, ह्या साली. सारख्या म्हनायच्या, सखू, मला इसर पडाया लागला गं. जुनी समदी रजिस्टरं काढून बसायच्या. म्हनायच्या, ह्यातबी काय चुकलं आसंल तर? कुना लेकराची येळ चुकली आसंल, कुनाला डोस दोनदा दिला आसंल. सुई टोचायच्या आदी मला हाक मारायच्या. सखू, हितं हुबी ऱ्हा, मी तारीख वाचते, बरूबर हाय का बघ."

"मग तुम्ही बघायचात?"

"मला कुठं वाचाया येतंय? मी नुसती व्हय म्हनायची. येवढ्यावर त्यांचा हात उचलायचा."

गाडी आली. मी चढलो. कंडक्टरनं तिकिटाला पैसे मागितले ते मला ऐकू आलं नाही.

ताई, मी धरून चाललो होतो की नऊ फुलपाखरं वाया घालवली. वाईट होतं, पण किड्यांपुरतं होतं. तुमच्या हातून काय गेलं ते मला सखूबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. वीस वर्षं ज्या हातानं घड्याळ बघून जन्मवेळा लिहिल्या, त्या हातावरचा तुमचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला. भुलीनं नव्हे. मी. तुम्ही शेवटच्या दिवसांत त्या छपरात आजाऱ्यांच्या नोंदी लिहीत असताना, प्रत्येक ओळीला थांबत असाल. ते मला सोसत नाही.

काय केलं म्हणाल, तर मुंबईला सगळं लिहून कळवलं. काही लपवलं नाही. त्या नऊ टाचण्यांतली जुनी चिठ्ठी काढली नाही, कारण काढायची नसते. तिच्याखाली दुसरी लावली: वरची तारीख मी बदलली, धरणाऱ्या बाईंनी ऑगस्ट १९७२ लिहिलं होतं. खाली माझं नाव. ऑगस्टातला दिवस कुठला ते लिहिता आलं नाही. तुम्ही वेळसुद्धा लिहिली होती, आणि मला दिवस आठवत नाही.

मुंबईहून उत्तर आलं. सभ्य उत्तर होतं. मूळ पुड्या नाहीत, तारीख एकदा बदललेली आहे, आणि बदलणारा स्वतःच सांगतोय. अशी फुलपाखरं पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्या ठिकाणी पुन्हा तसंच आढळलं तर अवश्य कळवावं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

म्हणून गेल्या रविवारी ओढ्यावर आलो होतो. तुमचं जाळं सखूबाईंनी जपून ठेवलंय, ते घेऊन त्याही आल्या. यंदा ओढा वाहतोय, ताई. गवत गुडघ्याच्या वर आलंय, बाजरी तरारलीय, खडी फोडायला गेलेली माणसं आपापल्या रानात आहेत. वाटेत मी सखूबाईंना सगळं सांगितलं. पुडीवर ऑगस्टच होतं, बाई काही विसरल्या नव्हत्या, हे सांगितलं. त्या बांधावर टेकल्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे बाईंना सांगायचं हुतं," एवढंच म्हणाल्या आणि उठून पुढे चालू लागल्या.

दिवेलागणीला तपकिरी उडायला लागली. मी चौदा धरली. चौदांच्या चौदांना डोळे होते, ठळक, गोल. हे असं का होतं, पावसानं, गवतानं की आणखी कशानं, ते मला अजून सांगता येत नाही. पण तुमचं खरं होतं हे दाखवायला आता एकच वाट उरलीय. पुन्हा तसाच ऑगस्ट यायला हवा. ओढा आटलेला, गुरं दावणीला मेलेली, बाया डोक्यावर घमेली घेऊन रांगेत. ज्या सालानं तुम्हाला नेलं, ते साल परत यायला हवं. त्या चौदा पुड्या हातात धरून मी उभा होतो आणि मनात काय मागावं ते मला कळत नव्हतं.

"मिळालं का तुमाला पायजे ते?" सखूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग पुढल्या साली या."

येईन म्हणालो. दर वर्षी येईन, आणि दर वर्षी डोळे असलेलीच मिळोत असं म्हणत येईन. म्हणजे द्वारकाताई, तुमची नऊ फुलपाखरं ऑगस्टातलीच होती, याला माझ्या शब्दाखेरीज कधीच दुसरा पुरावा नसणार. आणि तुम्हाला तर माझा शब्द खरा वाटला होता.